पोटावरचा हलका हस्तोपचार: दाब किती, सुरुवात कुठून, आणि हात कधी लावूच नये?

मऊहात (मूळ प्रश्न)

पाठ, मान, खांदे यांचा मसाज नीट शिकवला जातो, पण पोटाची पाळी आली की "हलक्या हाताने गोल फिरवा" एवढ्यावर विषय संपतो. जुनी बद्धकोष्ठता, गॅस, पोटाच्या ऑपरेशननंतर राहिलेला ताण अशा तक्रारींसाठी हे काम मुळापासून समजून घ्यायचं आहे, म्हणून जाणकारांना विचारते.

पहिली अडचण दाबाची. "हलका" म्हणजे नक्की किती? तेल लावल्यासारखा वरवरचा हात फिरवला तर काही होत नाही, जरा खोल गेलं तर पोट लगेच घट्ट होतं.

दुसरी अडचण क्रमाची. काही तक्त्यांमध्ये सुरुवात उजव्या जांघेच्या वरून आहे, काहींमध्ये डाव्या बरगड्यांखालून. दोन्ही बरोबर कसे असतील?

तिसरं, व्हिसरल मॅनिप्युलेशन (पोटातल्या अवयवांवरचा हस्तोपचार) शिकवणारे सांगतात की प्रत्येक अवयवाला स्वतःची लय असते, सरावलेल्या हाताला ती कळते आणि अडकलेला अवयव मोकळा करता येतो. यातलं शरीरशास्त्राला धरून किती?

आणि कुणाच्या पोटाला हात लावायचा नाही, हे कृपया कारणासकट सांगा. नुसती यादी ऐनवेळी आठवत नाही.

---

स्नायूबंध

क्रमापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

मोठं आतडं उजव्या जांघेच्या वर सुरू होतं, उजव्या कुशीने यकृताखालपर्यंत चढतं, पोटातून आडवं डावीकडे जातं, प्लीहेखाली (डाव्या बरगड्यांआड असते ती पाणथरी) वळून डाव्या कुशीने उतरतं आणि डाव्या ओटीपोटात नागमोडी वळण घेऊन गुदाशयाला मिळतं. मळ याच वाटेने जातो, त्यामुळे हाताची *दिशा* कायम हीच राहते: उजवीकडून वर, बरगड्यांखालून डावीकडे, डावीकडून खाली. *सुरुवात* कुठून करायची हा मात्र वेगळा प्रश्न आहे. मळ पुढे सरकतो तसं त्यातलं पाणी शोषलं जातं, म्हणून सगळ्यात कोरडा आणि घट्ट मळ शेवटच्या भागात, डावीकडे खाली असतो. दारात गर्दी अडली की आधी दाराजवळच्यांना बाहेर काढतात, मागून रेटत नाहीत. उजवीकडून सुरुवात केली की मागचा गॅस पुढच्या बंद वाटेवर येऊन आदळतो, पोट फुगतं, कळ येते, आणि मसाजनेच त्रास वाढला असं वाटतं. तुमचे दोन्ही तक्ते बरोबर आहेत. डावीकडून सुरू होणारा तक्ता पहिला टप्पा दाखवतो, उजवीकडचा शेवटचा.

आता तयारी. माणूस पाठीवर, डोक्याखाली उशी, गुडघ्यांखाली १५ ते २० सेंटिमीटर जाडीची गुंडाळी. डोकं आणि गुडघे उचललेले असले की पोटाचा उभा स्नायू दोन्ही टोकांनी सैल पडतो. हात बाजूला ठेवायला सांगा. डोक्याखाली किंवा डोक्यावर घेतले की बरगड्या वर ओढल्या जातात आणि पोटाची भिंत ताणली जाते. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम बिघडतं. लघवी झालेली हवी आणि पूर्ण जेवणाला दीड ते दोन तास झालेले हवेत. सकाळची वेळ सर्वांत चांगली, कारण उठल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते. काहीतरी गरम प्यायचं, मग मसाज, मग शौचाला, असा क्रम लावून द्या. तुमचे हात गरम हवेत. थंड हात लागला की पोट आक्रसतंच, त्यात त्या माणसाचा दोष नाही.

दाबाचा अंदाज घ्यायला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर घडी केलेला टॉवेल ठेवा आणि पूर्ण तळहात सैल सोडा. नुसत्या हाताचं वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम भरतं. पहिली पाच मिनिटं एवढंच वजन पोटावर जाऊ द्या. नंतर हात लांबवर फिरवताना (याला पुढे "लांब हात" म्हटलंय) किलो-दीड किलोपर्यंत जाता येतं. पण काट्याचा उपयोग हाताला सवय लावण्यापुरता, खरा मापक म्हणजे समोरच्याचा श्वास. तो अडला, भुवया आखडल्या, पायाची बोटं वळली, तर दाब जास्त झाला. तोंडाने "चालेल" म्हटलं तरी.

मग तळहात बेंबीवर ठेवून आठ-दहा श्वास काहीही न करता थांबा. ही पायरी गाळण्याचा मोह होतो, गाळू नका. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येतं, पोटातलं सगळं पुढे ढकललं जातं आणि तुमचा हात वर उचलला जातो. त्या वेळी दाबलं की भिंत उलट ढकलते. श्वास सुटताना पोट खाली बसतं आणि हात त्याच्याबरोबर आपोआप पाच-सहा मिलिमीटर आत जातो. पुढच्या श्वासाला तो थोडा वर येतो, पण पहिल्या उंचीपर्यंत नाही. चार-पाच श्वासांत एक क्षण येतो, तळहाताखालचं कातडं ताणलेल्या कापडासारखं लागायचं थांबतं आणि मळलेल्या कणकेसारखं भरीव, मऊ लागतं. तिथून पुढे काम सुरू. खोल जायचं ते असं, ढकलून नाही.

हातांचा क्रम:

१. डाव्या बरगड्यांखालून सरळ खाली, डाव्या कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूपर्यंत. दहा वेळा.

२. उजव्या बरगड्यांखालून आडवं डावीकडे, मग खाली. दहा वेळा.

३. उजव्या जांघेच्या वरून वर, आडवं, आणि डावीकडून खाली. दहा वेळा.

४. बोटांच्या पेरांनी, टोकांनी नव्हे, दोन-तीन सेंटिमीटरची छोटी वर्तुळं. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून जागा एक-एक मागे सरकवत उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत यायचं. जागा मागे सरकते, पण प्रत्येक वर्तुळाचा जोर बाहेरच्या वाटेकडेच. एका ठिकाणी तीन-चार वर्तुळं पुरे.

एक हात चार-पाच सेकंदांचा असावा. शेवटी पुन्हा तळहात बेंबीवर ठेवून मिनिटभर थांबा. सगळं मिळून १० ते १५ मिनिटं, रोज. एका बैठकीत चमत्कार होत नाही. चार आठवडे तरी नेमाने झाल्याशिवाय उपयोग झाला की नाही हे ठरवू नका.

बरगड्यांच्या मधोमध खाली जे छोटं टोकदार हाड असतं त्यावर दाब द्यायचा नाही. त्याच्या खालची जागाही नाजूक असते, तिथे हात फक्त तरंगत जाऊ द्या.

---

ओपीडी_नोंदी

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. "कुणाला नाही" याचं उत्तर देतो. यादीपेक्षा चार कारणं लक्षात ठेवा, यादी त्यातूनच निघते.

फुटू शकेल असं काही. पोटातली महाधमनी मणक्यांच्या पुढून उतरते आणि बेंबीच्या आसपास दुभागते. तिचा व्यास ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाला की त्याला अन्युरिझम म्हणतात. साठी ओलांडलेले पुरुष आणि त्यातही धूम्रपान करणारे यांच्यात हे जास्त दिसतं. सडपातळ माणसात बेंबीच्या वर ठोका लागणं नेहमीचं आहे, फक्त तो कसा लागतो ते बघा. दोन बोटं ठोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. बोटं नुसती वर उचलली जात असतील तर बहुधा ठोका पुढे पोचतोय इतकंच. बोटं एकमेकांपासून *दूर* ढकलली जात असतील तर हात काढा आणि सोनोग्राफीला पाठवा. वाढलेली प्लीहासुद्धा याच गटातली. मलेरिया किंवा ग्लँड्युलर फीव्हरनंतर (गळ्याच्या गाठी सुजवणारा विषाणूचा ताप) ती डाव्या बरगड्यांखाली येते आणि थोड्या धक्क्यानेही फाटू शकते. नुकताच असा ताप येऊन गेला असेल तर पोटाला हात नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल हात बंद.

पसरू शकेल किंवा पेटलेलं असं काही. अपेंडिक्सची सूज, आतड्याला पडलेल्या फुगवट्यांची सूज, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळच्या सुजेचे आजार) यांचा चालू उठाव, पोटातला कॅन्सर, पित्ताशयाची सूज. बेंबीजवळ सुरू झालेली कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, भूक मेली आणि अंगात कणकण आहे, अशा पोटाला मसाज म्हणजे वेळ घालवणं.

अडकलेलं किंवा बाहेर येणारं. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, गॅससुद्धा सरत नाही, याचा अर्थ आतडं अडलेलं असू शकतं. ही बद्धकोष्ठता नव्हे, ही तातडीची वेळ आहे. खोकल्याबरोबर फुगणारा हर्निया असेल तर त्या जागी हात नाही.

बसवलेलं किंवा वाढणारं. गरोदरपण, स्टोमा (मळ किंवा लघवी बाहेर काढायला पोटावर केलेलं तोंड), पेरिटोनियल डायलिसिसची (पोटातून होणाऱ्या डायलिसिसची) नळी, मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी शंट, हर्नियाची जाळी. कॉपर-टी असेल तर ओटीपोटात खोल काम करू नका.

याशिवाय शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी. मसाजने तात्पुरतं बरं वाटलं आणि निदान महिनोन्महिने लांबलं, हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

हाताला गोळा लागला तर काय, हेही सांगतो. डाव्या खालच्या कोपऱ्यात मळाने भरलेलं आतडं दोरखंडासारखं लागतं, बोटांखाली आडवं घोळवता येतं. मळाचा खडा हळू दाबला तर ओल्या मातीसारखा खळगा धरतो आणि पोट साफ झाल्यावर नाहीसा होतो. जो गोळा खळगा धरत नाही, शौचानंतरही तिथेच असतो, तो डॉक्टरांना दाखवायचा. "गाठ मोडायचा" प्रयत्न चुकूनही नको.

---

श्वासपटल

तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. उपचारपद्धतीवर राग धरण्याचं कारण नाही, पण दाव्यांची फोड करायलाच हवी.

ऑस्टिओपॅथी (हाताने शरीर हाताळून उपचार करण्याची पद्धत) १८७४ पासूनची, अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांची. अवयवांवरच्या हस्तोपचाराला आजचं रूप दिलं ते फ्रेंच ऑस्टिओपॅथ ज्याँ-पिएर बाराल यांनी, १९८० च्या दशकात. त्यांच्या मांडणीत दोन हालचाली आहेत. एक, श्वासाबरोबर किंवा शरीर वाकवताना अवयव एकमेकांवरून सरकणं. दुसरी, अवयवाची स्वतःची अतिशय सूक्ष्म अंगभूत लय.

पहिली हालचाल शंभर टक्के खरी आहे. साध्या श्वासातही यकृत आणि मूत्रपिंडं सेंटिमीटरच्या मापात वरखाली होतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर कुणालाही दिसतं. पोटातल्या पडद्यांमध्ये ओलसर द्रवाचा पातळ थर असतो म्हणून हे सरकणं शक्य होतं, आणि ऑपरेशन किंवा सुजेनंतर तिथे चिकटणं होतं, हेही खरं.

दुसरीबद्दल मात्र पुरावा नाही. शरीरात मोजलेल्या लयी आहेत: जठराच्या विद्युत लाटा मिनिटाला सुमारे ३, लहान आतड्याच्या सुरुवातीला सुमारे १२. त्या यंत्राने नोंदवता येतात. पण कातडं, चरबी, स्नायू आणि वपेचा (आतड्यांवर पसरलेला चरबीचा) पडदा यांच्या वरून तळहाताला एखाद्या अवयवाची वेगळी लय कळते, असं दाखवायचं तर दोन तपासणाऱ्यांनी एकमेकांना न विचारता एकाच पोटाबद्दल एकच सांगायला हवं. २०१८ साली फ्रान्समधल्याच संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. निदानाची विश्वासार्हता आणि उपचाराचा परिणाम, दोन्हींसाठी भक्कम आधार मिळत नाही असा त्यांचा निष्कर्ष होता.

"अवयव जागेवर बसवतो" हे तर सोडूनच द्या. साधारण सहा मीटरचं लहान आतडं मागच्या भिंतीला जेमतेम १५ सेंटिमीटरच्या मुळाने धरलेलं असतं, पंख्यासारखं. त्याची वेटोळी दिवसभर जागा बदलत असतात. त्यांना "योग्य जागा" अशी एक नाहीच.

साध्या पोटाच्या मसाजचं चित्र बरं आहे, तरी संमिश्र आहे. २००९ साली स्वीडनमध्ये बद्धकोष्ठता असलेल्या ६० जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, शौचाला होण्याचं प्रमाण वाढलं, पण रेचकांचा वापर घटला नाही. २०१८ साली ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवर सहा आठवडे रोजच्या मसाजची मोठी चाचणी झाली. तिच्या मुख्य मोजमापात फरक ठरला नाही, शौचाच्या वारंवारतेत मात्र थोडी सुधारणा दिसली. म्हणून लोकांना सांगताना "औषधाला जोड" एवढंच सांगा. चालू रेचक स्वतःहून बंद करायला लावू नका.

---

मऊहात

तिघांचेही मनापासून आभार, डावी-उजवीचा गोंधळ कायमचा मिटला. अजून तीन शंका आहेत. हात लावताच गुदगुल्या होऊन पोट आखडणाऱ्यांचं काय करायचं? डाव्या बरगड्यांखाली गॅसची कळ अडते, तिथे काय? आणि दुखरी जागा पोटाच्या भिंतीत आहे की आत, हे ओळखता येतं का?

---

स्नायूबंध

गुदगुल्यांसाठी त्यांचाच तळहात त्यांच्या पोटावर ठेवायला सांगा आणि तुमचा हात त्याच्यावर. स्वतःच्या स्पर्शाने गुदगुल्या होत नाहीत. दोन-तीन मिनिटांनी त्यांचा हात अलगद बाजूला घ्यायचा, तुमचा मात्र उचलायचा नाही. हात वारंवार उचलून नव्या ठिकाणी ठेवला की प्रत्येक वेळी भिंत नव्याने सावध होते, म्हणून एक हात कायम टेकलेला असू द्या. पण पोट सगळीकडे लाकडाच्या फळीसारखं कडक असेल, सैल पडतच नसेल आणि दाब सोडताना जास्त दुखत असेल, तर त्या गुदगुल्या नव्हेत. ते ताबडतोब दवाखान्यात.

डावीकडच्या कळीचं कारण आतड्याच्या रचनेत आहे. प्लीहेखालचं वळण उजव्या वळणापेक्षा उंचावर आणि जास्त तीव्र कोनात असतं, त्यामुळे गॅस तिथे तुंबतो. थेट त्या जागी दाबू नका. उजव्या कुशीवर वळवा, गुडघे पोटाकडे. आता ते वळण सर्वांत वर आलं. डावा तळहात बरगड्यांच्या खालच्या कडेवर बाहेरून ठेवून श्वास सोडताना बरगड्या हलकेच कमरेकडे सोबत न्या, घेताना सोडून द्या. सहा-सात श्वास. मग पाठीवर आणून पहिला टप्पा, डावीकडून खाली, पुन्हा दहा वेळा. ही कळ छातीत, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर तिला गॅस समजायची नाही.

भिंत की आत, यासाठी कार्नेटची खूण आहे, १९२६ पासून वापरात. दुखऱ्या जागेवर एक बोट ठेवून माणसाला हात न टेकता डोकं आणि खांदे उचलायला सांगा. दुखणं *वाढलं* किंवा तेवढंच राहिलं तर ते बहुधा भिंतीतलं, म्हणजे स्नायू किंवा नस. *कमी* झालं तर आवळलेल्या स्नायूने आतल्या अवयवाला आडोसा दिला, दुखणं आत आहे, आणि त्याचं कारण डॉक्टरांनी शोधायला हवं.

---

शिवणवाट

ऑपरेशनच्या व्रणाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून भर घालते. सिझेरियन, अपेंडिक्स, गर्भाशय काढणं, सगळ्यांना लागू.

सहा ते आठ आठवडे झालेले, खपली गेलेली, कुठेही ओल नाही आणि सर्जनने होकार दिलेला, या चारही गोष्टी जुळल्या तरच हात. त्वचा वरून मिटली म्हणजे आतले थर तयार झाले असं नव्हे. तीन महिन्यांनीसुद्धा जखमेची ताकद मूळच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच येते. तोपर्यंत आतड्याच्या वाटेवरचे लांब हात व्रणाच्या जवळ नकोत.

सुरुवात व्रणावर नाही, त्याच्यापासून तीन-चार सेंटिमीटर दूर. दोन बोटांची पेरं सपाट ठेवा आणि त्वचेवरून घसरू नका, त्वचेलाच सोबत न्या: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक दिशेला ती कुठे थांबते ते बघा. शिवणीच्या एका टोकाला बहुतेक वेळा असा एक बिंदू सापडतो की बोट खाली नेलं की आजूबाजूची त्वचा खळगा पडून आत ओढली जाते. ओढ जिथे लागते त्या कडेला नुसतं टेकून ३० सेकंद थांबा. ताणू नका. तेल किंवा क्रीम या टप्प्याला नको, बोट घसरतं आणि काहीच पकडता येत नाही. दिवसाला पाच मिनिटं. थोडी लाली येऊन तासाभरात गेली तर ठीक. दुसऱ्या दिवशीही लाल, गरम किंवा जास्त दुखरं असेल तर दाब जास्त झाला, दोन-तीन दिवस थांबा. ज्या जागी बधिरपणा किंवा नकोशा झिणझिण्या आहेत तिथे आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल असा स्पर्श वाढवत न्यावा. बधिर जागी माणसाला दाब कळत नाही, म्हणून तिथे आणखी हलका हात ठेवणं ही आपली जबाबदारी.

आतल्या चिकटलेल्या पट्ट्यांबद्दल मात्र वचन देऊ नका. २०१२ च्या एका प्रयोगात उंदरांच्या पोटातली ताजी, आठवड्याभराची चिकटणं हाताने हलवून सुटलेली दिसली. माणसाच्या पोटात वर्षानुवर्षं पक्क्या झालेल्या पट्ट्या मसाजने तुटतात असा पुरावा नाही, आणि जोर लावून तोडायला जाणं धोक्याचं आहे. व्रण मोकळा झाल्यावर सरळ उभं राहणं आणि पूर्ण श्वास घेणं सोपं जातं. फायदा म्हणून एवढाच सांगावा, तो खरा आहे.

---

ओपीडी_नोंदी

नोंदीचं राहिलं होतं. मसाज सुरू करण्याआधी एक आठवडा आणि नंतर चार आठवडे रोज चारच गोष्टी लिहायला सांगा: शौच झालं की नाही, ब्रिस्टल तक्त्यावरचा (मळाचा आकार आणि घट्टपणा दाखवणारा तक्ता) प्रकार (१ ते ७, त्यात ३ आणि ४ चांगले), कुंथावं लागलं का, आणि त्या दिवशी रेचक घेतलं का. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घेऊन पुढे झुकून बसावं, पण हा बदल मसाजच्या आधीच्या आठवड्यातच करून घ्या. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाचा गुण आला ते वहीतून कळणार नाही.